नोंदवहीतील रकाना

आपले पणजोबा कोण होते, कोणत्या गावचे होते, बाप्तिस्म्यापूर्वी त्यांना लोक काय म्हणून ओळखत होते, याचा शोध घेणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय, असा प्रश्न अलीकडे आमच्या मंडळ्यांतून विचारला जातो. प्रश्न विचारणारे बहुधा वयाने वडील असतात. ज्यांच्यामुळे तो उपस्थित होतो ते तरुण असतात. कुणाला दाखला हवा असतो, कुणाला परदेशी गेलेल्या भावाने लिहिलेले असते की आपला वंशवृक्ष तयार करतो आहे, नावे धाड. आणि कुणाला नुसतेच जाणून घ्यायचे असते. जुनी माणसे म्हणतात, प्रभूने आपल्याला नवी उत्पत्ती केले, आता मागचे उकरून काय मिळवायचे? हा आक्षेप वरवरचा नाही. त्याचा नीट विचार केला पाहिजे.

शास्त्राचा आधार दोन्ही बाजूंना मिळतो, हे प्रथमच सांगून टाकतो. पौलाने तीमथ्याला आणि तीतालाही वंशावळ्यांच्या नादी लागण्याविरुद्ध बजावले आहे. फिलिप्पैकरांना लिहिताना त्याने आपले कुळ, आपला वंश, आपली सुंता ही सारी मोजून दाखवली आणि ती सगळी हानीच्या खात्यात टाकली. पण नव्या कराराचे पहिलेच पान उघडा: तेथे वंशावळ आहे. लूकानेही दिली आहे. आणि मत्तयाची वंशावळ कुळाचा अभिमान मिरवणाऱ्याने लिहिली असती तर तिच्यात तामार आली नसती, राहाब आली नसती, मवाबी रूथ आली नसती, आणि शलमोनाच्या आईचा उल्लेख उरीयाची बायको म्हणून तर मुळीच झाला नसता. मत्तयाने लपवण्याजोगे म्हणून जे जे होते ते सारे लिहून ठेवले आहे.

यापेक्षाही आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो एज्राच्या दुसऱ्या अध्यायातला एक प्रसंग. त्यावर प्रवचन झालेले आम्ही क्वचितच ऐकले आहे. बाबेलहून परतलेल्या लोकांची गणती चालली होती. याजकांच्या तीन घराण्यांनी वंशावळीच्या वहीत आपली नावे शोधली, ती सापडली नाहीत. त्यांना अशुद्ध ठरवून याजकपणातून काढण्यात आले. उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र अन्न खायचे नाही, असा अधिपतीचा हुकूम झाला. या तिघांतल्या एका घराण्याची हकीकत तर मोठी बोलकी आहे. त्यांच्या पूर्वजाने गिलादी बर्जिल्ल्याची मुलगी केली आणि सासऱ्याच्या घराण्याचे नाव घेतले. नाव बदलले म्हणून घराणे हरवले! ज्यांच्या आजोबांनी गावाचे नाव सोडून दुसरे आडनाव लावले, त्या आमच्या वाचकांना ही अडचण नवी वाटणार नाही. वहीत नाव नाही म्हणून माणूस बाहेर, हा न्याय फार जुना आहे आणि तो अजून चालू आहे.

इंग्लंडात प्रत्येक परगण्याची एकेक कुटुंबेतिहास संस्था असते. तिची एखादी खोली असते, आठवड्यातून ठरल्या दिवशी तेथे पेन्शनर स्वयंसेवक बसतात, जुन्या पॅरिशच्या वह्यांच्या नकला आणि सूच्या करतात, थडग्यांवरचे लेख उतरवून घेतात, आणि आलेल्या माणसाला त्याचा खापरपणजोबा शोधायला मदत करतात. लंडनची वंशशास्त्र संस्था १९११ ची आहे. हिंदुस्थानात राहून गेलेल्या इंग्रज घराण्यांसाठी १९९८ मध्ये तिकडे स्वतंत्र संस्था निघाली. इकडल्या युरोपियन दफनभूमींची देखरेख आणि नोंद करणारी संस्था १९७६ पासून आहे. मद्रास, मुंबई, बंगाल या तिन्ही इलाख्यांतल्या चॅप्लेनांनी बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांच्या ज्या नकला वेळोवेळी पाठवल्या त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सांभाळून ठेवल्या आहेत. सिकंदराबादच्या छावणीचा समावेश मद्रास इलाख्याच्या नोंदींत होतो. म्हणजे सिकंदराबादेत पटकीने मेलेल्या गोऱ्या शिपायाचा पणतू आज लंडनमध्ये बसून त्याची तारीख काढू शकतो. त्याच छावणीत काम करणाऱ्या आणि मिशनच्या मंडळीत बाप्तिस्मा घेतलेल्या एखाद्या स्वयंपाक्याच्या पणतूला ते इतके सोपे नाही. (अमेरिकेतील मॉर्मन लोकांनी जगभरच्या नोंदवह्यांच्या फिल्म्स घेतल्या, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांत आहेत. त्यांचा हेतू मेलेल्यांच्या वतीने बाप्तिस्मा देण्याचा आहे, आणि तो आपल्या कोणत्याही मंडळीला मान्य नाही. पण त्यांच्या चिकाटीला नावे ठेवण्याचे कारण दिसत नाही.)

आमच्याकडे काय आहे? मराठी मुलखात कुलवृत्तांत छापण्याची हौस मोठी, पण ती वरच्या घराण्यांची. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. ज्यांना १९३० साली काळारामाच्या देवळात शिरू दिले नाही, त्यांच्या पिढ्या त्या वह्यांत कितीशा सापडणार? जनगणनेचे तक्ते कुणाला पाहता येत नाहीत, १९४८ च्या कायद्यानेच ते बंद आहेत. मराठवाड्यात १९५४ चे खासरा पत्रक हा मोठा पुरावा मानतात, पण त्यात नाव येण्यासाठी जमीन असावी लागे. जन्ममृत्यूच्या नोंदीचा देशभराचा कायदा १९६९ चा. तेव्हा आमच्यापैकी बहुसंख्यांच्या घराण्याचे नाव पहिल्यांदा शाईने जेथे लिहिले गेले ती जागा म्हणजे मंडळीची बाप्तिस्म्याची वही. त्याआधीचे जे काही आहे ते तोंडी आहे.

ही वही शोधायला मराठवाड्यातली माणसे हैदराबादला येतात, याचे कारण इतिहासात आहे. १९५६ पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. शिकायला, नोकरीला, दवाखान्यात आणि मिशनच्या कामाला माणसे इकडे येत. नामपल्लीचे स्टेशन १९०७ चे. त्याच्यापासून फार दूर नाही अशा चॅपल रोडवर अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनची १८९५ ची स्टॅन्ली मुलींची शाळा आहे. नामपल्ली हे नावही एका माणसाचे आहे असे सांगतात: कुतुबशाहीतला नेकनाम खान, त्याची ती नेकनामपल्ली. बोलता बोलता लोकांनी 'नेक' गाळला आणि 'नाम' तेवढे राहिले. वंशाचा शोध घेणाऱ्याला हा अनुभव पावलोपावली येतो.

नामपल्लीतील एका मंडळीच्या कचेरीलगत एक लहान खोली आहे. तेथे जुन्या वह्या वाचून त्यांची सूची करण्याचे काम काही मंडळी शनिवारी करतात. आम्ही त्यांच्यात बसतो. संस्था, केंद्र अशी मोठी नावे त्या खोलीला शोभणार नाहीत. एक टेबल, दोन लोखंडी कपाटे आणि वाळवीने कडा खाल्लेल्या वह्या. हस्ताक्षरे वेगवेगळी: कुठे मिशनरी बाईचे टोकदार इंग्रजी, कुठे मराठी पाळकाचे बाळबोध, कुठे तेलुगू. ज्या नोंदी सरकारदरबारी गेल्या त्या उर्दूत गेल्या, आणि उर्दूत लक्ष्मणाचा लछमन झाला. येणाऱ्यांना आम्ही प्रथम सांगतो की आडनाव विचारू नका, गाव विचारा. आडनावे मागाहून आली. साक्षीदारांची नावे पाहा, कारण साक्षीला सोयरे उभे राहत. तारीख नक्की ठाऊक नसेल तर दुष्काळ, प्लेग, मोठा पूर यांच्या अलीकडे की पलीकडे एवढे घरी विचारून या. १९०८ च्या सप्टेंबरातला मुसीचा पूर हैदराबादच्या जुन्या घरांत अजून कालगणनेचा खुंट आहे. आणि मंडळीच्या वह्यांत नाहीच मिळाले तर तारनाक्याला राज्य अभिलेखागार आहे. तेथे निजामशाहीचे दप्तर आहे, आधी फारसीत आणि १८८० च्या दशकानंतर उर्दूत. ते वाचणारा माणूस बरोबर न्यावा लागतो.

या दप्तराकडे सगळ्या महाराष्ट्राचे लक्ष २०२३ मध्ये लागले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधत होती आणि तिने हैदराबादच्या निजामकालीन कागदांचाही मागोवा घेतला. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयानंतर हैदराबाद गॅझेटियर हा शब्द मराठवाड्यातल्या घरोघरी गेला. त्या वादात आम्हांला पडायचे नाही. पण एक गोष्ट त्याने सर्वांना शिकवली: शंभर वर्षांपूर्वी कुण्या कारकुनाने एका रकान्यात घाईने लिहिलेला शब्द आज नातवाच्या नातवाचे भवितव्य ठरवतो.

आमच्या काही जुन्या वह्यांतही तसा रकाना आहे. नाव, वय, बापाचे नाव, गाव, आणि मग 'पूर्वीची जात'. सारा घोटाळा या एका रकान्याचा आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा हक्क हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. या प्रश्नासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमण्यात आला. दुसरीकडे आंध्र आणि तेलंगण या राज्यांत अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना व त्यांच्या संततीला मागासवर्गीयांच्या 'सी' गटात एक टक्का राखीव जागा आहेत. त्या मिळवायच्या तर पूर्वजाची जात दाखवावी लागते. म्हणजे तोच रकाना एका भावाला उपयोगी पडतो आणि दुसऱ्याला नडतो. २०२४ च्या नोव्हेंबरात पुद्दुचेरीच्या एका स्त्रीने आपण हिंदू आहोत म्हणून अनुसूचित जातीचा दाखला मागितला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. तिचा बाप्तिस्मा झालेला होता, ही गोष्ट त्या निकालात विचारात घेतली गेली. हा निकाल आल्यापासून वह्यांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे लोक विचारू लागले.

काही जणांचे म्हणणे असे की हा रकानाच काळी शाई फिरवून पुसून टाकावा. ज्याने बाप्तिस्मा घेतला त्याने तो शब्द मागे टाकण्यासाठीच घेतला, मग मंडळीने त्याच्या नावासमोर तो का जपावा? भावना आम्ही समजू शकतो, पण हे म्हणणे आम्हांला पटत नाही. कारण पुसण्याने जातीचा अभिमान पुसला जात नाही. उलट ज्यांना अभिमान आहे त्यांचे फावते. आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासाचे पाहा. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा १८४३ साली मुंबईस झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला कोर्टाने आईबापांच्या स्वाधीन केले, आणि त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून बाळशास्त्री जांभेकरांच्या वेळी केवढे वादळ उठले ते प्रसिद्धच आहे. पुढे शेषाद्रींनी जालन्यात काम केले आणि निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. हे सर्व तारखांनिशी छापलेले आहे. बाबा पदमनजींनी आपली हकीकत 'अरुणोदय' मध्ये स्वतः लिहिली, लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. आता बेथेलला राहायला आलेल्या मांग कुटुंबांची नावे किती जणांना सांगता येतील? जुन्या मिशन अहवालांची रीतच अशी की ब्राह्मण एक आला तर त्याचे नाव छापायचे आणि मांग-महार वीस आले तर वीस हा आकडा छापायचा. त्या विसांची नावे एकाच ठिकाणी मिळण्याचा संभव आहे, आणि ते ठिकाण म्हणजे पाळकाची वही. तिच्यावर शाई फिरवली तर आकडाच शिल्लक राहील.

मग ती वही कुणालाही दाखवावी काय? येथे आम्ही मेलेल्यांत आणि जिवंतांत फरक करतो. इंग्लंडात जनगणनेचे तक्ते शंभर वर्षे बंद ठेवतात. १९२१ चे २०२२ मध्ये उघडले. ती मर्यादा शहाणपणाची आहे. शंभर वर्षांपूर्वीची नोंद हा मंडळीचा इतिहास आहे. अलीकडची नोंद ही घरातली गोष्ट आहे, आणि ती त्या घराला विचारल्यावाचून परक्याच्या हाती देणे म्हणजे पाळकाने कानात ऐकलेले चव्हाट्यावर सांगणे होय. कोर्टाचा हुकूम आला तर खोटे बोलता येणार नाही, वही नेऊन ठेवावी लागेल. पण शेजाऱ्याशी बांधाचे भांडण आहे म्हणून त्याच्या बाप्तिस्म्याची नक्कल मागायला येणाऱ्याला वहीचे पान उलटून दाखवण्याचे काही कारण नाही. आमच्या खोलीत सूची करताना नाव, बापाचे नाव, गाव आणि साल एवढेच उतरवतात. जातीचा रकाना मूळ वहीत राहतो, आणि तो त्या घरच्या माणसालाच दाखवतात. हा मार्ग अगदी बिनचूक आहे असे कोणी म्हणत नाही. एका पणजोबाला शंभर वारस असतात आणि त्यांतला एक दाखला मागतो तर दुसरा लाजतो.

सर्वांत अवघड ती तिसरी मागणी. आई मुलाला घेऊन येते आणि पाळकाला म्हणते, बाप्तिस्मा द्या, पण वहीत लिहू नका. ही विनंती अनेक पाळकांच्या ओळखीची आहे, उघड बोलत कोणी नाही. लिहिले तर मुलाची शिष्यवृत्ती जाईल, वसतिगृहातली जागा जाईल. पाळकाने काय करावे?

न लिहिता दिलेला बाप्तिस्मा खोटा ठरत नाही, हे मान्यच केले पाहिजे. गज्जाच्या वाटेवर फिलिप्पाने त्या कूशी अधिकाऱ्याला पाण्यात उतरवले, तेव्हा त्यांच्या हाती कुठली मंडळीची वही होती? आणि हेही खरे की आदेशातला अन्याय त्या आईने केलेला नाही. शासनाने विश्वासाला किंमत लावली आणि ती गरिबाच्या पोराकडून वसूल होते. ज्यांच्या घरी दोन पिढ्या पगार येत आहे अशा वडिलांनी मंडळीच्या बैठकीत उभे राहून, 'या लोकांत विश्वासाचे धैर्य नाही,' असे बोलणे आम्ही ऐकले आहे, आणि ते ऐकून आम्हांला बरे वाटले नाही. त्यांच्या आजोबांना मिशनच्या बोर्डिंगात फुकट शिक्षण मिळाले होते.

तरीही पाळकाने लिहावे असेच आमचे मत आहे. आणि लिहिणार आहोत हे त्याने त्या आईला आधी सांगावे, मग निर्णय तिने घ्यावा, थांबायचे असेल तर थांबावे, आणि ती थांबली म्हणून तिला उपासनेत मागच्या बाकावर बसवू नये. लिहावे अशासाठी की न लिहिलेल्या मुलाला मंडळीत एक नाव आणि शाळेत दुसरे नाव घेऊन वाढावे लागते. तो मोठा होतो तेव्हा त्याला ठाऊक असते की आपल्या आईने आणि पाळकाने मिळून काहीतरी झाकले होते, आणि जे झाकावे लागते ते लाजिरवाणे असले पाहिजे असा अर्थ तो काढतो. त्याच्या पणजोबाने उलट केले होते. गावच्या पाटलाला आणि देशमुखाला कळणार हे ठाऊक असून त्याने वहीत नाव लिहू दिले, सही येत नव्हती म्हणून अंगठा उठवला. मात्र असा आग्रह धरणाऱ्या मंडळीने त्या मुलाची फी भरायची तयारी ठेवली पाहिजे. नुसता आग्रह धरायला पैसे लागत नाहीत.

या सगळ्यांच्या पलीकडे वह्यांत आणखी एक जात आहे, तिचा रकानाच रिकामा आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनंतर मिशनच्या अनाथालयांतून शेकडो मुले आली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी गोळा केलेल्या मुली होत्या, नगरला होत्या, इतरत्र होत्या. त्यांतली किती तरी मुलेमुली पुढे शिक्षक, नर्स, बायबलबाई होऊन ठिकठिकाणी गेली, आणि आज आपल्या मंडळ्यांत त्यांचे वंशज आहेत. त्यांच्या नोंदीत बापाचे नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, वय अंदाजे. अशा घरातले लोक खोलीत येतात तेव्हा सूची करणाऱ्यांना त्यांच्याकडे पाहणे जड जाते. एज्राच्या हिशेबाने ते याजकपणातून बाहेर पडतील. इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने मात्र मलकीसदेकाला बाप नाही, आई नाही, वंशावळ नाही हे सांगून त्याला अब्राहामापेक्षाही थोर ठरवले, आणि प्रभूचे याजकपण त्याच्या रीतीचे म्हटले. दाखला काढायला हे वचन उपयोगी पडत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. तहसील कचेरीत त्या घरांना आजही 'माहीत नाही' याच्यापुढे जाता येत नाही.

आणि बायकांचे काय? वहीत त्या 'अमक्याची बायको' म्हणून येतात. एका जुन्या वहीच्या सूचीत पुरुषांच्या नावापुढे स्त्रीचे नाव नसलेल्या जागा इतक्या आल्या की सूची करणाऱ्यांनी शेवटी तेथे आडवी रेघ ओढायचे ठरवले. मागच्या पावसाळ्यात एक म्हातारी नातीबरोबर आली होती. अशाच एका रेघेवर बोट ठेवून ती म्हणाली, "ही माझी सासूची सासू. हिचं नाव काशी. भाकरी थापताना ती म्हणायची ते गाणं अजून आमच्या घरात आहे." सूचीत तेथे पेन्सिलीने काशी लिहिले आहे. पुराव्याच्या कोणत्या नियमाने लिहिले, असे कोणी विचारले तर सांगता येणार नाही. पुढल्या शनिवारी त्याच वहीची पुढली चाळीस पाने घ्यायची आहेत.